क्रिएटिनिनची फाईल घेऊन परळला

कोकणकन्या एक्स्प्रेस मध्यरात्रीच्या सुमारास चिपळूणला थांबते. फलाटावर चढणाऱ्यांत सुट्टी संपवून परतणारे चाकरमानी असतात, दुबई-कुवेतला निघालेली तरुण मुले असतात. त्यांच्यातच दोन-चार कुटुंबे अशी असतात, ज्यांच्या हातात बॅगेपेक्षा जास्त जपलेली एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीची पाकिटे आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. कोकणातून पोटासाठी मुंबईला जाणारी वाट जुनी आहे, आणि आजारपणासाठी जाणारी वाटही जुनीच. मागच्या हिवाळ्यात त्या पिशवीवाल्यांत आम्हीही होतो.

अम्मींचे वय 76. मधुमेह वीस वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी, चिपळूणपासून एसटीने पाऊण तासावर. पायांवर सूज दिसली म्हणून रक्त तपासले, तर क्रिएटिनिन 4.1. रिपोर्ट दाखवला त्या दवाखान्यात पाच मिनिटांत सांगण्यात आले, "चारच्या वर गेलंय, आता डायलिसिस लावावंच लागेल. उद्याच घेऊन या." रात्री दुबईहून धाकट्या भावाचा फोन आला, "पैशाकडे बघू नका, लगेच सुरू करा." शेजारच्या खाला म्हणाल्या, "एकदा ते मशीन लागलं की सुटत नाही, आमच्या घरात बघितलंय ना." ज्यांच्या शरीराबद्दल हे सगळे चालले होते, त्या अम्मी तसबीह घेऊन पडवीत बसल्या होत्या. त्यांना कोणी काहीच विचारले नव्हते.

आम्ही दोघा भावंडांनी ठरवले, उद्या मशीन लावण्याआधी परळच्या किडनीतज्ज्ञाला दाखवायचे.

रात्रीची गाडी

महामार्गाने जायचा विचार आम्ही सोडला. म्हाताऱ्या माणसाला घेऊन, त्यात पाणी काढण्याच्या गोळ्या चालू असताना, दर तासाला गाडी थांबवावी लागते. रेल्वेत खालचा बर्थ मिळाला आणि संडास चार पावलांवर. मगरिब आणि इशा आम्ही गाव सोडल्यावर वाटेत एकत्र केल्या होत्या. आपण कोकणातले बहुतेक लोक शाफिई. प्रवासात दोन नमाजा एकत्र करण्याची आपल्या मसलकात जी सवलत आहे, तिची किंमत आजारी माणसाबरोबर निघाल्यावर कळते.

अम्मी झोपल्यावर आम्ही पिशवी उघडली आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. मुंबईला आजारपण घेऊन जाणाऱ्या प्रत्येक घराने हे काम गाडीतच उरकावे, इतके ते उपयोगी आहे. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन 2.9 होते, एक वर्षापूर्वी 3.4, आता 4.1. आकडा रातोरात चढलेला नव्हता, पायरीपायरीने वर गेला होता. खेड मागे पडले आणि गाडी नातूवाडीच्या लांब बोगद्यात शिरली. मोबाइलची रेंज गेली, दुबईचे मेसेज थांबले. त्या शांततेत अम्मी डोळे न उघडता म्हणाल्या, "काय वाचताय एवढं? माझंच आहे ना? मग मला पण सांगा."

आम्ही सांगितले. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "दुखतं का त्यात?"

पनवेल, ठाणे करत गाडी दादरला आली तेव्हा अजून उजाडले नव्हते. फज्र तिथेच पढलो आणि टॅक्सीने परळ गाठले.

परळ

एके काळी मुंबईचा गव्हर्नर परळला राहत असे. त्याच जुन्या वाड्यात 1899 साली हाफकिन यांची प्लेगवरच्या लसीची प्रयोगशाळा आली. आजूबाजूला गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या चाळींत कोकणातली माणसे भरली. 1926 साली केईएम रुग्णालय सुरू झाले, 1941 मध्ये टाटा मेमोरियल. आज गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. रुग्णालये मात्र तिथेच आहेत, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याची बोली तुम्हाला या एका फर्लांगात ऐकू येते. फुटपाथवर चटया अंथरून नातेवाईक झोपलेले असतात. सकाळी कोणी चहा वाटतो, दुपारी कोणी खिचडी. देणारा घेणाऱ्याचे नाव विचारत नाही. मेडिकलच्या दुकानांसमोर रांगा, झेरॉक्सवाल्याकडे त्याहून मोठी रांग.

आम्ही गेलो त्या रुग्णालयाच्या किडनी विभागाबाहेर लाकडी बाक होते. शेजारी श्रीवर्धनचे एक चाचा बसले होते, वय 72, डाव्या हातावर मनगटाच्या वर फुगलेली शीर. "हात लावून बघा," ते म्हणाले. शिरेत मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर होती. यालाच फिस्टुला म्हणतात. हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, काही आठवड्यांत शीर जाड होते आणि तिच्यातून रक्त मशीनपर्यंत नेता येते. चाचांचे डायलिसिस सहा वर्षे चालू होते. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास. "त्या दिवशी अंग गळून जातं," ते म्हणाले, "पण दुसऱ्या दिवशी दुकानावर बसतो. नातीचं लग्न बघितलं. अलहम्दुलिल्लाह."

त्यांच्या पलीकडे स्ट्रेचरवर एक वृद्ध गृहस्थ होते. ते कोणाला ओळखत नव्हते. गळ्याजवळून नळी काढलेली, हात कापडाने बांधलेले. त्यांचा मुलगा भिंतीला टेकून उभ्याउभ्याच झोपला होता. अम्मी दोघांकडेही बराच वेळ पाहत राहिल्या.

आकड्यामागचे माणूस

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि थेट अम्मींना विचारले, "आजी, जेवण जातं का? रात्री आडवं पडल्यावर दम लागतो? घरात काय काय काम करता?" अम्मींनी सांगितले, की भाकरी अजून स्वतः थापते, जेवण बऱ्यापैकी जाते, जिना चढताना दम लागतो. मग बाईंनी पाय दाबून सूज पाहिली, छाती ऐकली आणि नंतर कागद हातात घेतले.

त्यांनी आम्हाला जे समजावले ते प्रत्येक घराने ऐकावे असे आहे.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. किडन्या तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळणी मंदावली की रक्तातला आकडा वाढतो. पण तोच आकडा प्रत्येक माणसात वेगळे सांगतो. 30 वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन 1.4 असेल तर हिशेबाने त्याच्या गाळण्याचा वेग 70 च्या आसपास येतो. 76 वर्षांच्या बाईचे तेच 1.4 असेल तर वेग 40 च्याही थोडा खाली. वय वाढते, स्नायू कमी होतात, म्हणून दिसायला छोटा आकडाही म्हातारपणी मोठी गोष्ट सांगून जातो. यासाठीच वय आणि स्त्री-पुरुष हा भेद धरून ईजीएफआर काढतात. 60 च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर जुनाट किडनीविकार, 15 च्या खाली शेवटचा टप्पा. अम्मींचा 11 होता.

"म्हणजे लगेच मशीन?" आम्ही विचारले.

"11 आहे म्हणून मशीन लावत नाही," त्या म्हणाल्या. "लघवी अगदी कमी झाली, फुप्फुसात पाणी भरून झोपता येईना, पोटॅशियम औषधाने आटोक्यात येईना, उलट्या थांबेनात, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर लावायचं. मग आकडा काहीही असो."

त्यांनी एका अभ्यासाची माहिती दिली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 828 रुग्णांवर तो झाला आणि 2010 साली प्रसिद्ध झाला. काहींचे डायलिसिस ईजीएफआर 10 ते 14 असतानाच सुरू करायचे ठरवले, काहींचे 5 ते 7 पर्यंत थांबून. थांबलेल्या गटातल्या अनेकांना त्रास होऊ लागल्यामुळे ठरल्याआधी सुरू करावे लागले, पण लवकर सुरू केलेले लोक जास्त जगले असे दिसले नाही. मतलब असा, की डॉक्टरांच्या नजरेखाली राहून वाट पाहणे हा हलगर्जीपणा ठरत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी तपासली ती औषधांची पिशवी. तिच्यात गुडघेदुखीची एक गोळी निघाली, गावच्या मेडिकलमधून अम्मी पावसाळ्यापासून आणत होत्या. ती डायक्लोफिनॅक होती. अशा वेदनाशामक गोळ्या आधीच थकलेल्या किडनीवर घाव घालतात. ती बंद झाली, तिच्याऐवजी पॅरासिटामॉल दिली. सोनोग्राफीत किडन्या लहान झालेल्या दिसल्या, पण कुठे अडथळा नव्हता. पुरुषांमध्ये कित्येकदा प्रोस्टेट वाढून लघवी तुंबते, नळी घातली की क्रिएटिनिन आपोआप उतरते. म्हणून अडथळा आहे का हे आधी पाहायचे. आठ दिवसांनी अम्मींचा आकडा 3.8 आला. फार नाही, पण जो भाग परत येण्यासारखा होता तो आला.

याउलट परिस्थितीही आपल्या कोकणाने पाहिली आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस होतो, धडधाकट माणसाच्या किडन्या दोन-चार दिवसांत बंद पडतात. तिथे एक दिवसही दवडायचा नसतो. काही दिवसांच्या डायलिसिसने माणूस वाचतो आणि बहुतेकांचे मशीन सुटतेही. "एकदा लागलं की सुटत नाही" हे म्हणणे अशा वेळी जीवघेणे ठरते. अचानक बिघडलेली किडनी आणि वर्षानुवर्षे झिजलेली किडनी हे दोन वेगळे आजार आहेत.

दोन वाटा

पुढच्या भेटीत हृदयाचा इको हातात होता. पंपिंग 35 टक्के. हिमोग्लोबिन 8.6. बाईंनी दोन वाटा मांडल्या.

पहिली वाट डायलिसिसची. हातात फिस्टुला आत्ताच करून ठेवायचा, कारण तो पिकायला दीड-दोन महिने किंवा जास्तही लागतात. गरज पडेल तेव्हा आठवड्यातून तीन दिवस चिपळूणला जायचे. किंवा पोटात नळी बसवून घरीच पेरिटोनियल डायलिसिस, दिवसातून तीन-चार वेळा पाणी भरायचे आणि काढायचे. हात स्वच्छ ठेवणारे, शिकलेले माणूस घरात कायम हवे.

दुसरी वाट मशीनशिवायच्या उपचारांची. तीत रक्त वाढवण्याची इंजेक्शने, लोह, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, पोटॅशियम आणि आम्ल आटोक्यात ठेवणारी औषधे, खाज, मळमळ आणि दम यांवर इलाज, सगळे असते. फक्त मशीन नसते. "याला आम्ही उपचार बंद करणं म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "आजी दर महिन्याला मला भेटणारच आहेत."

कोणती वाट चांगली, हे त्यांनी सांगितले नाही. एवढे मात्र स्पष्ट सांगितले, की डायलिसिसने सर्वसाधारणपणे आयुष्य वाढते, पण 75-80 च्या पुढे, हृदय कमजोर आणि इतर आजार असतील तर तो फायदा बराच आटतो, आणि मिळालेल्या दिवसांतले पुष्कळसे रुग्णालयात जातात. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या आणि डायलिसिस सुरू केलेल्या 3,702 जणांची नोंद पाहिली गेली. वर्षभरात 58 टक्के वारले. आधीइतकेच हिंडते-फिरते राहिलेले फक्त 13 टक्के निघाले. ते लोक मुळातच परावलंबी होते. आपल्या घरात भाकरी थापणाऱ्या बाईला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण बाकावरचे चाचा आणि स्ट्रेचरवरचे गृहस्थ यांच्यातले अंतर त्या आकड्याने आम्हाला समजले.

भावाने दुबईहून आपली किडनी देण्याची तयारी दाखवली होती. हृदयाच्या या अवस्थेत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झेपणार नाही, असे बाई म्हणाल्या. अवयवदानाबद्दल उपखंडातल्या आलिमांमध्ये मतभेद आहेत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1988 साली काही अटींवर परवानगीचा निर्णय दिला आहे. पण अम्मींनी तिथवर जाऊच दिले नाही. "त्याला तीन लेकरं आहेत," एवढेच म्हणाल्या.

हौदाकाठी

जुम्याला आम्ही क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुन्या जामा मशिदीत गेलो. कोकणी मुसलमानांनी उभारलेली आणि सांभाळलेली ही मशीद 1802 साली पूर्ण झाली. ती एका जुन्या तलावावर बांधलेली आहे. तळमजल्यावर तो हौद अजून आहे, त्यातून दगडी खांब वर गेले आहेत आणि पाण्यात मासे फिरतात. बाहेर शेख मेमन स्ट्रीटची गर्दी आणि आत हे थंड पाणी. वुजू करताना आदल्या दिवशी ऐकलेले मनात येत होते. धडधाकट माणसाच्या किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि जवळपास सगळे परत शरीराला देतात. मशीनला चार तासांच्या एका डायलिसिससाठी शुद्ध केलेले सुमारे 120 लिटर पाणी लागते. दोन मुठींएवढ्या जागेत अल्लाहने काय ठेवले आहे, हे ते निकामी होईपर्यंत आपल्या लक्षात येत नाही.

नमाजनंतर एका वयस्कर आलिमांना आम्ही विचारले, की मशीन नको म्हणणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होईल का? त्यांनी आधी आमच्याकडून डॉक्टरांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, की शरीर अमानत आहे आणि उपचार घेणे आपल्या मसलकात मुस्तहब आहे. ज्या इलाजाने जीव वाचणार हे जवळपास नक्की आहे, तो टाळणे वेगळे. ज्याचा फायदा शंकास्पद आणि त्रास नक्की आहे, तो एखाद्या समजत्या आजारी माणसाने विचारपूर्वक घेतला नाही, तर त्याच्यावर गुन्हा नाही. आणि ज्याने घेतला तोही बरोबर. "पण हे तुम्ही ठरवायचं नाही," ते आमच्याकडे बोट करत म्हणाले. "तुमची अम्मी शुद्धीवर आहे, त्यांना विचारा. वल्लाहु आलम."

अम्मींनी काय विचारले

माहीमला नातलगांच्या घरी संध्याकाळी आम्ही सगळे बसलो. भाऊ व्हिडिओवर होता. अम्मींनी विचारलेले प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते.

"आठवड्यातून तीन दिवस मला चिपळूणला कोण नेणार? तुम्ही दोघं नोकरीवर. पावसाळ्यात एसटी बंद पडली तर? 2021 च्या जुलैसारखं पाणी बाजारपेठेत शिरलं तर मशीनपर्यंत कशी जाऊ?" त्या वर्षी 22 जुलैला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण शहर बुडाले होते, ते आम्ही सर्वांनी पाहिले आहे. "आणि चिपळूणला खोली करून राहायचं म्हटलं, तर मग माझं घर कशाला? मला माझ्या पडवीत राहू दे. खाडी दिसू दे."

भाऊ रडू लागला. "अम्मी, लोक म्हणतील मुलगा दुबईत असून इलाज केला नाही."

"लोकांसाठी सुया टोचून घेऊ का मी?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाळा, तू परका नाहीस. तिथून काही करता येत नाही म्हणून तुझा जीव तुटतो, कळतं मला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भावाशी दहा मिनिटे व्हिडिओवर बोलून त्याचे सगळे प्रश्न ऐकले. परदेशात मुले असलेल्या आपल्या घरांनी हे आवर्जून करावे. दूर असलेल्या लेकराला अर्धी बातमी मिळते, आणि अर्ध्या बातमीतून आग्रह आणि भांडण जन्माला येते. अम्मींचा निर्णय फाईलवर लिहिला गेला. कायमचे डायलिसिस नको. मात्र जुलाब, ताप, संसर्ग अशा तात्पुरत्या कारणाने किडनी अचानक बिघडली आणि डॉक्टरांना ती परत येण्याची आशा असेल, तर थोड्या दिवसांसाठी चालेल. आणि मत बदलण्याची मुभा कायम. डाव्या हाताच्या शिरा तरीही जपायच्या, रक्त काढायचे ते हाताच्या पंजावरूनच.

खाडीकाठी परत

सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसने आम्ही दुपारी चिपळूणला उतरलो. खरे काम घरी सुरू झाले. कोकणातल्या घरात पथ्य सांभाळणे सोपे नाही. पाहुणा आला की शहाळे फोडतात, आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. पोटॅशियम वाढले की हृदय अचानक थांबू शकते. सुके बोंबील, सुकट, पापड, लोणचे यांत मीठ. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ तर यांना विषासारखे, कारण त्यात पोटॅशियम असते. कमरख हे फळ किडनीच्या रुग्णाने तोंडातही घालू नये. अम्मींसाठी बटाटा आणि भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देऊन शिजवतात. ताजी मासळी थोडी, डॉक्टरांनी सांगितली तेवढी. आणि कोणी आणून दिलेली भस्मे, पुड्या, काढे घरात घ्यायचे नाहीत, आणणारा कितीही जवळचा असो.

रमजान आला तेव्हा अम्मी रोज्यासाठी अडून बसल्या. ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही, त्याच्यासाठी फिदयाची सवलत कुरआनच्या सूरह बकराच्या 184 व्या आयतीवरून घेतली जाते. शाफिई मसलकात प्रत्येक रोज्यामागे एक मुद्द धान्य. आलिमांशी फोनवर बोलल्यावर त्या तयार झाल्या. आता दररोजच्या फिदयाचे तांदूळ त्या स्वतः मोजून काढत. नमाज खुर्चीवर बसून, आणि गोळ्यांमुळे लघवी थांबत नाही तेव्हा प्रत्येक वक्ताला नवीन वुजू.

याला आता वर्ष झाले. परवाचे क्रिएटिनिन 4.9. गाळणे 9 वर आले आहे. भाकरी आता सून थापते, अम्मी बसून सांगतात. उन्हाळ्यात एकदा फुप्फुसात पाणी झाले, चार दिवस रुग्णालयात काढून इंजेक्शनांवर उतरले. पुढे काय येणार ते आम्हाला माहीत आहे, त्यांनाही. श्रीवर्धनच्या चाचांचा फोन येतो, त्यांचे मशीन चालू आहे आणि दुकानही. दोन्ही घरांत आपापल्या जागी बरोबर निर्णय झाले, असे आम्हाला वाटते, कारण दोन्हीकडे ज्याचे शरीर त्यालाच विचारले गेले.

अशी फाईल घेऊन गाडीत बसणाऱ्या भावाबहिणींसाठी काही प्रश्न लिहून ठेवतो. डॉक्टरांना हे जरूर विचारा:

1. हा आकडा अचानक वाढला की हळूहळू? जुने रिपोर्ट पाहिलेत का?
2. यातले परत येण्यासारखे काही आहे का? औषध, अडथळा, संसर्ग, पाणी कमी होणे?
3. ईजीएफआर किती, लघवीत प्रथिने किती, पोटॅशियम किती?
4. आज डायलिसिस केले नाही तर काय होईल? महिनाभर थांबलो तर?
5. या वयात, या हृदयाला डायलिसिसने काय मिळेल, आणि आठवड्यातले किती दिवस जातील?
6. मशीनशिवायचे उपचार इथे मिळतील का? दम लागला तर रात्री कोणाला फोन करायचा?
7. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या रुग्णालयात लागू आहे का? रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

आणि हे सगळे विचारताना आपल्या बुजुर्गांना खोलीबाहेर बसवू नका. त्यांना खुर्ची द्या, डॉक्टरांच्या समोरची.

अल्लाह सर्व आजारी बांधवांना शिफा देवो, त्यांची सेवा करणाऱ्यांना सब्र देवो, आणि ज्यांची वेळ जवळ आली आहे त्यांचा शेवट ईमानावर आणि आसानीने करो. आमीन.